निघताना सांगा

ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी कोणी "काहीतरीच" म्हणायला नको.

ज्यांना पटायचं नाही त्यांना पटवत बसायला मला वेळ नाही. पण हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ताई थापा मारणाऱ्यांतली नाही. पत्ते खेळतानासुद्धा तिला लबाडी जमत नाही, चेहऱ्यावर सगळं दिसतं.

आणि तुम्ही मध्यरात्रीची, ओसाड बंगल्याची वाट बघत असाल तर तसलं यात काही नाही. एका शुक्रवारी संध्याकाळी सुरू झालं आणि रविवारी दिवेलागणीला संपलं.

म्हणजे संपलं, असं आम्ही तेव्हा समजलो.

जागा होती एका तळ्याकाठचं मैदान. कॅराव्हॅन लावायला ठेवलेलं. नळ, बाथरूम, भांडी-कपडे धुवायची खोली, सगळं जिथल्या तिथे. माणसांची वर्दळ, मुलांच्या सायकली. घाबरावं असं तिथे काहीच नव्हतं.

आमचे भाऊजी साइट इंजिनिअर. दोन कामांच्या मध्ये त्यांना मोठी सुट्टी मिळाली आणि जुनं खूळ पुन्हा डोक्यात शिरलं. कॅराव्हॅन. गाडीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, एक लांब बाकडं आणि कपाट. आवडलं तिथे थांबायचं, कंटाळा आला की पुढे निघायचं. ताई शाळेत चित्रकला शिकवायची, तिने नोकरी सोडली. त्यांची मुलगी, आमची चिमणी, अजून शाळेत जात नव्हती. निघाले तिघं.

सुरुवातीला काय विचारता. रोज फोटो. आम्ही इकडे जळून खाक.

मग फोटो कमी झाले आणि फोन वाढले.

"काय करतेस गं?" ती विचारायची.

"भांडी घासतेय."

"घास तू. मी नुसती ऐकते."

आणि खरंच माझ्या भांड्यांचा आवाज ऐकत ती फोन धरून बसायची.

एकटी पडली होती ती. कोणाशी जरा ओळख झाली, चार शब्द बोलली, की दुसऱ्या दिवशी एक तरी गाडी निघून जायची, त्यांची नाहीतर हिची. भाऊजी माणूस लाखात एक, पण मुलखाचा घुम्या. त्यांना शांतता मानवते. ते तळ्याकडे बघत तासन्‌तास बसायचे आणि म्हणायचे, "काय सुख आहे ना?" ही "हो" म्हणायची आणि बाथरूममध्ये जाऊन रडून यायची.

तिला घरी जायचं होतं. एवढंच. पण भाऊजींनी त्या गाडीत इतका जीव ओतला होता की तिच्या तोंडून शब्द फुटेना.

म्हणून कॉलेजातली मैत्रीण शनिवार-रविवार राहायला येते म्हणाली, तेव्हा ताई हरखून गेली. तिने मनाशी ठरवून टाकलं. मैत्रिणीला सगळं सांगायचं, मग तीच भाऊजींकडे विषय काढेल. मैत्रीण बोलायला खमकी होती. तिचा नवरा दातांचा डॉक्टर, पेशंटची तोंडं दिवसभर उघडी असतात, पण घरी बोलायची ती एकटीच.

फोनवर मैत्रीण म्हणाली होती, "अगं, सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत. त्यांना टाकून कसं यायचं?"

"मग घेऊन ये की. आपलंच घर आहे," ताई म्हणाली.

"बघते. आणि तुमच्याकडे कोणी आहे का अजून?"

"ह्याची आत्या जवळपासच राहते. तीही येईन म्हणत होती. आली तर आली, करू दाटीवाटीने."

हे बोलणं लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ ह्यातून झाला.

मैदानावर पोचल्यावर रखवालदाराने विचारलं, "किती गाड्या?"

"आमची एक, पाहुण्यांची एक."

त्याने तळ्याकडच्या कोपऱ्याकडे बघितलं.

"मग मधली जागा घ्या ना. सोयीची पडेल."

पण भाऊजींनी खिशातून पाणसळ काढली. इंजिनिअर माणूस, जमीन सपाट आहे की नाही ते बघितल्याशिवाय ते चहासुद्धा ठेवू द्यायचे नाहीत. मधल्या जागेला उतार निघाला. सपाट होती ती फक्त तळ्याकडची कोपऱ्यातली.

"हीच," भाऊजी म्हणाले.

"बघा, मधली बरी," रखवालदार पुन्हा म्हणाला आणि त्याने पावती फाडली.

संध्याकाळी ताई नळावर पाणी भरायला गेली. भाऊजी कॅराव्हॅनच्या खाली शिरून चारी कोपऱ्यांचे जॅक आवळत होते. ते नीट आवळले नाहीत तर आत माणूस चालला की सगळं घर डुलतं. ती कॅन घेऊन परत आली तर पाहुण्यांची गाडी लागलेली. मैत्रीण "अगं बाई, किती वाळलीस" करत गळ्यात पडली. डॉक्टर डिकीतून पिशव्या काढत होते.

आणि कॅराव्हॅनच्या दाराशी लावलेल्या कापडी मांडवाखाली, घडीच्या खुर्चीत...

एक आजीबाई बसल्या होत्या.

करडा स्वेटर. कापडी बूट. मांडीवर पर्स, दोन्ही हातांनी धरलेली.

"आजी, प्रवास नीट झाला ना?" ताईने विचारलं.

"हो गं," आजी म्हणाल्या. "निघताना मला सांगा हं."

ताईला हसू आलं. आत्ताच आल्या आणि निघायची घाई. म्हातारी माणसं अशीच असतात. तिने त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला.

आता बघा कसं झालं. ताईला वाटलं, ह्या मैत्रिणीच्या सासूबाई. मैत्रीण गाडीतून उतरली तेव्हा आजी आधीच खुर्चीत बसलेल्या होत्या, तिला वाटलं ह्या भाऊजींच्या आत्या. भाऊजी खालून बाहेर आले, त्यांनी सगळ्यांना एकत्रच बघितलं. आणि आपल्याकडे एक फार मोठी सोय आहे. वय बघायचं आणि आजी म्हणायचं. नाव विचारायची वेळच येत नाही.

चिमणीसुद्धा आजी म्हणाली. सगळे आजी म्हणाले.

रात्री झोपायचं ठरलं ते असं. पाहुण्यांना आतला पलंग, आजींना आतलं बाकडं, आणि ताई, भाऊजी, चिमणी बाहेर मांडवात. ताईने स्वतः बाकड्यावर गादी घातली, उशी ठेवली, पायाशी रग घडी करून ठेवला. मैत्रिणीला वाटलं ही जास्तीची गादी असेल. आजी घरच्या, त्या घरच्यांजवळ बाहेर झोपल्या असतील.

सकाळी ताई चहा करायला आत गेली. बाकड्यावर रग तसाच घडी केलेला होता. उशीवर सुरकुती नव्हती.

किती टापटिपीच्या आहेत, ताईला कौतुक वाटलं.

बाहेर आजी खुर्चीत बसल्याच होत्या. रस्त्याकडे तोंड करून. फाटकातून एखादी गाडी वळली की त्या खुर्चीतून अर्ध्या उठायच्या. गाडी दुसरीकडे लागली की परत बसायच्या. पर्स सारखी करायच्या.

ताईने बघितलं, डॉक्टर त्यांच्याशी एक शब्द बोलत नाहीत. समोरून दात घासत गेले, पण आईकडे बघितलंसुद्धा नाही. ताईचं डोकं फिरलं. काय मुलगा आहे, तिने मनात म्हटलं. मैत्रीण तिकडे भाऊजींबद्दल तेच म्हणत होती. सख्खी आत्या बसली आहे आणि हा माणूस पाणसळ घेऊन फिरतोय.

पण दोघींनी एकमेकींना बोलून दाखवलं नाही. दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला काढायचं.

शनिवारी होडी ठरली. होडीवाला चौघांच्या वर घेत नव्हता. मैत्रीण, डॉक्टर, भाऊजी आणि चिमणी गेले. आजींना कोणी विचारलंसुद्धा नाही, म्हणून ताई मागे थांबली. खरं तर तिला मैत्रिणीशी बोलायचं होतं, पण मैत्रीण आल्यापासून नुसती "काय मस्त गं, सुटलात तुम्ही, आमचं बघ" हेच लावून बसली होती. तिच्या त्या कौतुकात ताईला आपलं रडगाणं घुसवता येईना.

मांडवाखाली दोघीच. ताई शेंगा सोलायला बसली.

आणि काय झालं कोणास ठाऊक, ती बोलायला लागली.

सगळं बोलली. आवाज करून रडता येत नाही म्हणून नळ सोडून रडते ते. ह्याच्याशिवाय कित्येक दिवसांत कोणी आपल्याला नावाने हाक मारली नाही ते. रोज नवीन तळं, नवीन डोंगर, आणि एकालाही "हे बघितलंस का" म्हणायला माणूस नाही ते. 

आजींनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. नुसतं ऐकलं. ताई मला म्हणाली, असं कोणी माझं कधीच ऐकलं नव्हतं. आईनेसुद्धा नाही.

मग आजी म्हणाल्या, "त्याला सांगितलंस?"

"नाही हो."

"सांग. माणसं विचारत नाहीत. त्यांना वाटतं, आहे ना, असेल नीट. आपण सांगायचं असतं." त्यांनी पर्स सारखी केली. "मी सांगितलं नाही."

"काय सांगितलं नाही?"

आजींनी रस्त्याकडे बघितलं...

"मी इथे बसलेय म्हणून."

ताईला वाटलं, वय झालंय, विसरायला होत असेल. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. हात गार होता. तळ्याचा वारा होता, तिने रग आणून त्यांच्या पायांवर घातला.

"निघताना सांगा हं," आजी म्हणाल्या.

"तुम्हाला न सांगता कोण निघतंय," ताई म्हणाली.

त्या दिवसापुरतं तिला फार हलकं वाटलं. मैत्रिणीला सांगायचं ते राहूनच गेलं, आणि तिला त्याचं वाईटही वाटलं नाही.

रविवारी दोन्ही गाड्यांना निघायचं होतं. जेवणं उरकली आणि एकच धांदल उडाली. मांडव उतरवा, जॅक सोडा, गॅस बंद करा, कपाटांना खिट्ट्या लावा. ताई भांड्यांचा ढीग घेऊन धुवायच्या खोलीकडे गेली. तिकडे रांग होती.

परत आली तर पाहुण्यांची गाडी गेलेली.

"गेले?" तिने विचारलं.

"ढग भरून आलेत, पावसाच्या आत घाट ओलांडायचाय म्हणाले. तुला हाक मारली की त्यांनी," भाऊजी म्हणाले.

आजींची खुर्ची रिकामी होती.

ताईला लागलं ते. एवढं बोलणं झालं आणि आजी न भेटता गेल्या. पण मुलाने घाई केली असेल, त्या तरी काय करणार. तिने खुर्ची घडी करून आत ठेवली. रग आधीच बाकड्यावर होता. तसाच, घडी केलेला.

निघाले.

बरंच अंतर गेले. पाऊस आला नि गेला. चिमणी मागे झोपली होती. आणि मैत्रिणीचा फोन आला.

"पोचलो बाई एकदाचे. ऐक, आजींना सॉरी सांग हं. निघताना त्या दिसल्याच नाहीत, त्यांना भेटायचं राहून गेलं."

"कुठल्या आजींना?"

"कुठल्या म्हणजे? तुमच्या आत्याबाईंना."



"आत्या आल्याच नाहीत गं. त्यांचे गुडघे धरलेत. तू कोणाबद्दल बोलतेस? तुझ्या सासूबाई ना?"

"सासूबाई नणंदेकडे आहेत. शुक्रवारी सकाळीच सोडलं त्यांना..."



मग मैत्रीण हळू आवाजात म्हणाली, "मग त्या कोण होत्या?"

 भुताचा विचार ताईच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. तिच्या डोळ्यांसमोर एकच होतं. एक म्हातारं माणूस. कोणाचं ते माहीत नाही. वाट चुकलेलं असेल, विसरभोळं असेल. दोन दिवस आपल्यात बसलं होतं, आणि आपण त्याला पावसात टाकून आलो.

"गाडी फिरव," ती भाऊजींना म्हणाली.

मागे अख्खं घर जोडलेलं असताना गाडी अशी फिरवता येत नाही. रस्ता अरुंद, एका बाजूला खोल उतार. फिरवायला जागा मिळेपर्यंत पुढेच जावं लागलं. आजींपासून लांब. ताईचा जीव टांगणीला लागला होता.

"चार मोठी माणसं," ती म्हणाली. "दोन दिवस. आणि एकाने विचारलं नाही, तुम्ही कोण म्हणून."

"मला वाटलं तिच्या सासूबाई," भाऊजी म्हणाले.

"मलाही तेच वाटलं."

शेवटी एका पेट्रोल पंपावर जागा मिळाली. गाडी वळली. आणि परतीच्या वाटेवर ताईला एकेक आठवायला लागलं.

आजींच्या समोरचा चहा. तो प्रत्येक वेळी तिने भरलेलाच उचलला होता. गार झाला म्हणून टाकून नवीन दिला होता. तोही भरलेलाच उचलला होता.

बाथरूमची किल्ली, जी ताईजवळच असायची. त्यांनी ती एकदाही मागितली नव्हती.

आणि ते घर...

शनिवारी दुपारी भाऊजींनी जरा वेळ एका बाजूचे जॅक सोडले होते. चिमणी आत शिरली तरी सगळं डुलायचं, ओट्यावरचे पेले किणकिणायचे. तेव्हाच आजी आत एक फेरी मारून आल्या होत्या. ताई आतच उभी होती. त्या तिच्या बाजूने गेल्या, आल्या.

पेले वाजले नव्हते.

 तिने भाऊजींना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते परत गेले नसते, आणि तिला तर जायचंच होतं.

मैदानावर पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. सुट्टी संपलेली, एकही गाडी उरली नव्हती. रखवालदार नळाच्या तोट्या बंद करत फिरत होता. त्याने ह्यांची गाडी बघितली आणि काही न विचारता फाटक उघडलं.

ताई उतरली. "अहो, आमच्याबरोबर एक..."

"आजी," तो म्हणाला.

त्याने कोपऱ्याकडे बोट केलं.

"कोपऱ्यात जाऊन बघून या. बघितल्याशिवाय समाधान नाही व्हायचं."

ते दोघं कोपऱ्यात गेले. कॅराव्हॅन उभी होती तिथलं गवत चेपलेलं होतं. चाकांच्या खुणा होत्या. मांडवाच्या खुंट्यांची भोकं होती. तळ्याकाठची माती मऊ होती, सगळ्या खुर्च्यांच्या पायांनी त्यात खळगे पाडले होते. मैत्रिणीची खुर्ची कुठे होती, डॉक्टरांची कुठे, ओळखू येत होतं.

तिसऱ्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून जी खुर्ची दोन दिवस जागची हलली नव्हती...

तिथे एकही खळगा नव्हता.

भाऊजी खाली वाकले. हात फिरवून बघितला. त्या माणसाची आयुष्यात पहिल्यांदा पाचावर धारण बसलेली ताईने बघितली.

रखवालदार मागे येऊन उभा राहिला होता.

"एकच गाडी असली की त्या येत नाहीत," तो म्हणाला. "दोन गाड्यांची माणसं असली की येतात. म्हणून मी होता होईल तो कोपरा देत नाही. पण मी काय सांगणार लोकांना?"

"कोण आहेत त्या?" ताईने विचारलं.

"मी इथे लागायच्या आधीचं आहे. ऐकलेलं सांगतो. दोन गाड्या होत्या. एकीत मुलगा-सून, एकीत मुलगी-जावई. निघाले. मुलाला वाटलं आई तिच्या गाडीत, मुलीला वाटलं ह्याच्या."

"मग?"

"मग काय," तो म्हणाला आणि तळ्याकडे बघत राहिला. "तुमच्यासारखे सगळे येतात परत. कोणी संध्याकाळी, कोणी दुसऱ्या दिवशी. एक बाई तर रडत आल्या होत्या, अनवाणी. सगळे येतात. आजींचे तेवढे वेळेवर आले नाहीत."

ताईने रस्त्याकडे बघितलं.

"बघितलंत ना? आता जा," रखवालदार म्हणाला. "फक्त हाक मारू नका."

"का?"

"अजून कोणी मारलेली नाही. त्यामुळे काय होतं ते माहीत नाही."

भाऊजी तिचा हात धरून तिला गाडीकडे घेऊन आले. स्वतः बसले, इंजिन सुरू केलं. मागे चिमणी अजून झोपलेली होती. ताईने मागचं दार उघडलं, तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला.

आणि दार धरून ती तशीच उभी राहिली.

कोपऱ्यात काही नव्हतं. अंधूक उजेड, गवत, मागे तळं. झाडाचं पान हलत नव्हतं. तिला भीती वाटत होती, खूप वाटत होती. पण त्याहीपेक्षा जास्त तिला वाईट वाटत होतं. आजपर्यंत किती माणसं इथे आली, शोधून गेली. आजींना शोधलं सगळ्यांनी. पण चल कोणी म्हणालं नाही.

"बस ना," भाऊजी म्हणाले.

ताई म्हणाली, "आजी, आम्ही निघालोय. चला."

मोठ्याने नाही. शेजारच्या खोलीत सांगावं, तितक्याच आवाजात.

रखवालदाराने मान खाली घातली.

काही झालं नाही.

म्हाताऱ्या माणसाला त्या कोपऱ्यातून गाडीपर्यंत यायला जितका वेळ लागला असता, तितका वेळ ताईने दार उघडं धरलं. मग लावलं. पुढे येऊन बसली.

फाटकाबाहेर पडल्यावर ती म्हणाली, "मला घरी जायचंय. फिरायला नाही जायचं आता कुठे. मला खूप एकटं वाटतं रे."

भाऊजींनी गाडी बाजूला घेतली. 

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

ते घरी आले. कॅराव्हॅन विकून टाकली. भाऊजी नवीन कामावर लागले, रात्री उशिरा येतात. चिमणी शाळेत जायला लागली. ताईला जुनी नोकरी परत मिळाली नाही, ती दिवसभर घरी असते. हे सगळं तिने मला आल्या आल्या सांगितलं, एका बैठकीत, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

मला वाटलं होतं, आता तर तिचे फोन दुप्पट होतील. भाऊजी तिकडे, चिमणी इकडे, बंद दाराचा फ्लॅट. मी तिच्यासाठी दुपारचा वेळ मोकळा ठेवायला लागले.

फोन येईनात.

मीच करते आता. ती उचलते, छान बोलते. आवाज बदललाय तिचा, मोकळा झालाय. हसते. मध्येच बोलायची थांबते, कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी... आणि मग म्हणते, "हं, बोल."

टीव्ही चालू असेल, असं मी धरून चालते.

परवा मी तिला म्हटलं, "ताई, दिवसभर एकटीच असतेस, कंटाळत असशील. दोन दिवस राहायला येऊ का?"

"ये ना," ती म्हणाली. "सकाळीच ये. चिमणी शाळेत गेली की आम्ही दोघीच असतो घरी."

मी बरं म्हणाले. दोघी कोण, हे मी तिला विचारलं नाही. अजून गेलेही नाही.